मधला पाव

आमच्या आजीने वयाच्या ८०व्या वर्षापर्यंत पावाला हात लावला नव्हता. माहेर वेंगुर्ल्याकडचं, म्हणजे गोवा अगदी शेजारी, आणि तरीही. ‘पायाने मळतात म्हणून पाव’ असं लहानपणी कुणीतरी सांगितलेलं तिच्या मनात लोणच्यासारखं मुरलं होतं. त्याच्या तळाशी आणखी एक जुनी भीती होती. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यांच्याबरोबर त्यांचा पांवही आला, आणि पाव खाल्ला की माणूस बाटला ही समजूत मागे राहिली. शब्द त्यांच्या भाषेतला आहे, पायाशी त्याचा काही संबंध नाही, हे मी आजीला समजावून पाहिलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मग एका रविवारी ठरवलं, रात्रीच्या जेवणाला पाव घरीच करायचे. तिच्या डोळ्यांदेखत, माझ्या हातांनी.

घरचा पाव म्हणजे मोठा खटाटोप, असं वाटून मी वर्षानुवर्षं त्या वाटेला गेले नव्हते. सामान सगळं साधं. अर्धा किलो मैदा, दोन चहाचे चमचे यीस्ट, तीन चमचे साखर, दीड चमचा मीठ, लोण्याचा लिंबाएवढा गोळा, सव्वातीनशे मिली कोमट दूध-पाणी. कोमट म्हणजे किती? आजीने बोट बुडवलं. ‘बाळाच्या अंघोळीच्या पाण्याएवढं,’ म्हणाली. यापेक्षा चांगलं माप मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. यीस्ट हा जीव आहे. दूध कढत असेल तर मरतो, गार असेल तर पेंगत राहतो.

पहिली पाच मिनिटं पीठ बोटांना धरून बसतं. अशा वेळी हात हटकून मैद्याच्या डब्याकडे वळतो. त्याला आवरायचं. वरून घातलेल्या प्रत्येक मुठीबरोबर पाव घट्ट होत जातो. तळहाताने पुढे लोटायचं, घडी घालून मागे ओढायचं, वळवायचं, पुन्हा लोटायचं. दहा-बारा मिनिटांनी तेच पीठ एकदम शहाण्यासारखं ओट्यावरून सुटून येतं. चिमूटभर घेऊन ताणलं तर न फाटता इतकं पातळ होतं की पलीकडचा उजेड दिसावा. आजी शेजारच्या स्टुलावर बसून माझ्या हातांवरची नजर हलवत नव्हती. तिने पिठाला बोट लावलं. ‘अगं, ही तर पुरणपोळीची कणीक!’

तिथून पुढे तिनेच सूत्रं घेतली. आयुष्यभर आंबोळीचं पीठ भिजवलेल्या बाईला आंबवणं काय शिकवायचं? पातेलं तिने आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि कपाटाच्या उबदार कोपऱ्यात ठेवलं. दर वीस मिनिटांनी पदर उचलून बघायची. सव्वा तासाने पीठ दुप्पट झालं तेव्हा तिने वाकून वास घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. गोव्यात पोदेर, म्हणजे पाव करणारे, पूर्वी माडाची सूर घालून पीठ फुगवायचे, मी म्हटलं. ती हळूच म्हणाली, ‘वास आपल्याच पिठाचा आहे गं.’

बारा गोळे केले. कडा खाली दुमडून, वरची कातडी ताणून, तीन-चारच्या रांगांत, मध्ये बोटभर अंतर ठेवून ट्रेमध्ये मांडले. पाऊण तासात ते फुगून एकमेकांना टेकले. वरून दुधाचा हात फिरवला आणि तापलेल्या ओव्हनमध्ये १९० अंशांवर वीस-बावीस मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटांत भाजल्या मैद्याचा आणि लोण्याचा वास बैठकीत पोचला. मुलं हाक न मारता पानांवर येऊन बसली. बाहेर काढल्यावर लोणी लावून ओलसर फडकं टाकायचं, म्हणजे माथा कडक होत नाही. एवढं मात्र विसरू नये.

पानांत मटकीची उसळ, कांदा, लिंबू. लादी मधोमध. खरा पाव सुरीने कापत नाहीत, शेजाऱ्यापासून ओढून सुटा करतात. जिथे तो शेजाऱ्याला चिकटलेला असतो तिथे त्याला साल धरत नाही, नुसता कापूस. मुलांची कोपऱ्यातल्या पावांवरून झटापट झाली, दोन्ही बाजूंनी खरपूस म्हणून. आजीने लादीकडे नीट पाहिलं. तिच्या तोंडात दात उरले नव्हते.

‘मला तो मधला दे,’ ती म्हणाली. चारी बाजूंनी मऊ असलेले बारांत फक्त दोन असतात. तिने ते बरोबर हेरले होते.

तिने त्याचा घास उसळीच्या रश्श्यात बुडवला, तो पुरता भिजू दिला, आणि डोळे मिटून खाल्ला. दुसरा मधला पाव मात्र तिने मागितला नाही. हात लांब करून स्वतःच तोडून घेतला.