कडा ते कोची

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस, आष्टी तालुक्यात, कडा हे आमचे गाव. बाहेरगावच्या जैन समाजाला ते अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळामुळे आणि तेथील बोर्डिंगमुळे ठाऊक असते. भारतीय जैन संघटनेचे शांतिलालजी मुथ्था याच बोर्डिंगमध्ये राहून शिकले. एरवी गावात मिरवावे असे फार नाही. बाजाराचा दिवस, कपाशी-तूर-कांद्याची उलाढाल, चातुर्मासात स्थानकातील गर्दी, आणि आता रेल्वे. नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग होणार, होणार, असे ऐकण्यात आमच्या दोन पिढ्या सरल्या. २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, ती बीडला पोहोचली.

त्याच सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाडा झोडपला. ज्या जिल्ह्याला जग दुष्काळी म्हणून ओळखते, तेथील उभी कपाशी पाण्यात सडली. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही म्हणजे आमच्या वहीतील उधारी वसूल होणार नाही, हे किराणा व्यापाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. दिवाळीच्या मालातील मिरी-वेलची दलालाकडून न घेता थेट कोचीहून उचलली तर चार पैसे सुटतील, असा हिशोब करून दसऱ्यानंतर मी निघालो. कड्याहून नगर रेल्वेने, पुढे पुणे, आणि पुण्याहून कोकणाच्या मार्गाने एर्नाकुलम. सोबत घरचे खाखरे आणि मेथीचे ठेपले. सूर्यास्तापूर्वी डबा उघडायचा हा नेम गाडीतही मोडला नाही, एवढीच काय ती प्रवासातील बहादुरी.

कोचीत मट्टनचेरी भागात जुन्या गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती आहे. गोदामांच्या गल्लीत शिरताच मिरीचा आणि सुंठीचा वास नाकात बसतो. तेथे १९०४ साली बांधलेले धर्मनाथ भगवानांचे देरासर आहे. आम्ही स्थानकवासी, मूर्तिपूजा आमच्या घरी नाही. पण परमुलखात ‘जय जिनेंद्र’ ऐकू आले की पंथ आपोआप मागे पडतो. मध्यान्ही तेथे कबुतरांना दाणे घालतात. क्षणापूर्वी रिकामे असलेले अंगण पंखांच्या आवाजाने भरून जाते. मी दाणे टाकीत असताना, ज्यांच्याकडे माझा सौदा होता ते शेठ म्हणाले, “उद्या माल भरायला वेळ लागेल. शहरात अंध मुलींच्या फुटबॉलची जागतिक स्पर्धा चालू आहे. माझी लेक तिथे स्वयंसेवक आहे. चला, पाहून येऊ.”

अंध मुली आणि फुटबॉल, हे दोन शब्द मला एकत्र बसवता येईनात. त्यामागे आमच्या घरातील एक कारण होते.

माझे थोरले काका देवीच्या साथीत लहानपणीच दृष्टी गमावून बसले होते. घरात त्यांची आबाळ कधीही झाली नाही. उलट, ते ताटावर बसल्याखेरीज कोणी जेवत नसे. दिवसभर दुकानाच्या गादीवर त्यांची जागा ठरलेली. गिऱ्हाइकाच्या पावलावरून ते नाव सांगत, ज्वारीची मूठ हातात घेऊन ती कोणत्या सालची ते ओळखत, रुपया फरशीवर टाकून खोटा-खरा ठरवत. मात्र ओट्याच्या पलीकडे एकट्याने पाऊल टाकायची त्यांना मुभा नव्हती. तरुणपणी एकदा ते काठी घेऊन एकटेच निघाले आणि पडले. त्या दिवसापासून आजोबांनी ओट्याला फळी लावून घेतली. मी दहा-अकरा वर्षांचा असताना काकांनी मला बोर्डिंगच्या मैदानावर न्यायला सांगितले होते. मुले खेळत होती. काका कुंपणाला धरून मान तिरकी करून ऐकत उभे राहिले आणि चेंडू कोणीकडे गेला ते मला सांगू लागले. मला दुकानात परतायची घाई होती. “चला ना काका,” असे म्हणत मी त्यांना ओढत घरी आणले. त्यांनी पुन्हा कधी मैदानाचे नाव काढले नाही.

या आठवणीसह मी त्या मैदानाच्या कडेला जाऊन बसलो.

आंतरराष्ट्रीय अंध क्रीडा महासंघाची महिलांची ही स्पर्धा पहिल्यांदा २०२३ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाली आणि अर्जेंटिनाने ती जिंकली. दुसरी २०२५ च्या ऑक्टोबरात कोचीला. पुरुषांचा अंध फुटबॉल २००४ च्या अथेन्सपासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. स्त्रियांना ते दार अजून उघडलेले नाही. मैदान आपल्या नेहमीच्या फुटबॉलपेक्षा पुष्कळ लहान, ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. लांबीच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या फळ्या. फळी पाहून मला आमचा ओटा आठवला, परंतु येथील फळी अडवण्यासाठी नव्हती. चेंडू तिच्यावर आपटून परत येतो, आणि हात लावताच खेळाडूला आपण कोठे आहोत ते कळते. एका संघात पाच जणी. गोलरक्षकाला दिसते, इतर चौघींच्या डोळ्यांवर पट्टी आणि वर मुखवटा, म्हणजे किंचित उजेड दिसणारीला अधिक लाभ नको. चेंडूच्या आत खुळखुळे असतात, तो घरंगळला की वाजतो. बचावाच्या भागात गोलरक्षक बोलून वाट दाखवते, मधल्या भागात प्रशिक्षक, आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलामागे उभी असलेली वाटाडी पुढच्या भागात. पेनल्टीच्या वेळी ती गोलाच्या दोन्ही खांबांवर ठक-ठक करून त्यांची जागा ऐकवते.

सर्वांत मोलाचा नियम एका शब्दाचा आहे. चेंडूच्या मागे धावणाऱ्या खेळाडूने ‘वॉय’ असे ओरडलेच पाहिजे. हा स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ ‘मी येते आहे’. खेळाडू कोणत्याही देशाची असो, शब्द हाच. न ओरडता अंगावर गेली तर तो अपराध धरला जातो. ईर्यासमितीत आपण पुढची जमीन न्याहाळून पाऊल टाकायला शिकतो, कारण आपल्या पावलाने जीवाला इजा होऊ नये. ज्यांना न्याहाळता येत नाही त्यांनी तेच काम आवाजाकडून करून घेतले आहे, असे मला वाटले. महाराजसाहेबांना विचारून पाहीन. उपमा ताणली असेल तर ते कान धरतीलच.

प्रेक्षकांचा नियम त्याहून कठीण. चेंडू खेळात असेपर्यंत कोणी ब्र काढायचा नाही, कारण आपल्या टाळीने चेंडूचा आवाज बुडतो. भारताचा सामना होता, लोक उठून ओरडायला आतुर होते, आणि तरीही त्या मैदानावर फक्त खुळखुळा, ‘वॉय, वॉय’, आणि बुटांचा आवाज. एक मुलगी फळीजवळून चेंडू दोन्ही पायांत खेळवत निघाली. तिच्या वेगाने माझे हात आपोआप पुढे झाले, जणू मी तिला सावरणार होतो. समोरचीशी टक्कर झाली, ती पालथी पडली. माझ्या तोंडून हाक निघणार तोच शेठनी माझा गुडघा दाबला. कोणी धावले नाही. ती उठली, क्षणभर मान तिरकी केली, अगदी काकांसारखी, आणि आवाजाच्या दिशेने पळाली. सामन्याचा निकाल वर्तमानपत्रांत आलेला आहे. माझ्या मनात मात्र तेवढी तिरकी मान राहिली.

पाठशाळेत आपण इंद्रियांचा क्रम पाठ करतो: स्पर्श, रस, घ्राण, चक्षू आणि शेवटी श्रोत्र. मुंगीला तीन, भुंग्याला चार. ज्याला कान मिळाले तो पंचेंद्रिय. डोळ्यांच्याही नंतर कान का, हा प्रश्न मला साठ वर्षांत पडला नव्हता. सोळाव्या वर्षी देवीनेच दृष्टी गेलेले पंडित सुखलालजी संघवी ऐकून ऐकून काशीत न्यायशास्त्र शिकले आणि ‘सन्मतितर्का’चे संपादन करून गेले, हे आपण व्याख्यानांत अभिमानाने सांगतो. पण लिमलीतून त्यांना काशीला जाऊ दिले होते. आमच्या काकांना आम्ही बोर्डिंगच्या कुंपणापर्यंतही धड जाऊ दिले नाही, आणि ते सारे प्रेमापोटी.

माल घेऊन परतलो. दिवाळी तोंडावर आली असताना शेजारच्या वाडीवरचे एक शेतकरी दुकानी आले. त्यांची बारा वर्षांची मुलगी जन्मांध आहे. “पोरीला घरीच ठेवा, बाहेर काही झाले तर,” असा सल्ला मी त्यांना अनेकदा दिलेला. या वेळी मी कोचीची हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “शेठ, तो वाजणारा चेंडू मिळतो कुठं?”

ते मला ठाऊक नव्हते. नातवाचा जुना चेंडू ओट्याखाली पडला होता. कुरमुऱ्यांची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी त्याच्याभोवती गुंडाळली आणि सुतळीने आवळली. ओट्यावरून सोडला तर चांगला खसखसत रस्त्यावर गेला. शेतकऱ्याने तो उचलला, कानाशी हलवून पाहिला, आणि तेलाच्या डब्याशेजारी पिशवीत ठेवला. “हा लिहून ठेवा खात्यावर,” ते म्हणाले. मी वही उघडली नाही.