चिंचोके मोजणारी पोर

सिहोऱ्यात पर्यवेक्षिका म्हणून अंगणवाडीत गेलं की आधी हजेरी, वजन, आहाराच्या नोंदी बघायच्या. आज मात्र लक्ष कोपऱ्यात चिंचोके मोजणाऱ्या पोरीकडे गेलं. पाचापर्यंत आली की पुन्हा एकपासून! सेविकेनं तिला जराही घाई केली नाही, ते फार आवडलं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम अशाच पानं-शंखशिंपल्यांवर उभं राहिलं. अंगणवाड्यांची सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ला ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. या योजनेत खिचडी वेळेवर पोचली का, हे वरून विचारतात, विचारायलाच हवं. पण मुलांशी कोण किती बोललं, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. लसीकरण, सर्वेक्षण, पोषण ट्रॅकर सांभाळून सेविकेला रोज सलग दोन तास फक्त मुलांसाठी मिळावेत, हे उद्याच्या बैठकीत मांडणार आहे.