मारलं, मग मेला

फौजदारी कायद्याचा प्राथमिक अभ्यासक्रम मी चव्वेचाळिसाव्या वर्षी केला, तो वकील व्हायला नव्हे. दिल्लीत राहून मी मराठी खटल्यांचे कागद इंग्रजीत करून देते. सर्वोच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत, त्यामुळे खालच्या कोर्टातली साक्ष तिथे पोचते ती माझ्यासारख्या कुणाच्या तरी शब्दांत. अशाच एका साक्षीत एक म्हातारी शेतमजूर बाई म्हणाली होती, "त्यानं त्याला काठीनं मारलं, मग तो मेला."

इंग्रजीत या 'मारलं'ला दोन वेगळी क्रियापदं आहेत. एकात मार बसतो, दुसऱ्यात जीव जातो. आणि तिचं ते 'मग'! नंतर, की त्यामुळे?

वर्गात लवकरच कळलं, की याच फटीत माणसाचं आयुष्य अडकतं. साधी दुखापत असेल तर एक वर्षापर्यंत कैद. खून ठरला तर जन्मठेप किंवा फाशी. मधल्या जागेत सदोष मनुष्यवध. हिंदीत त्याला 'आपराधिक मानव वध' म्हणतात. मला मराठी शब्द जास्त पटतो. दोष माणसात असतो, अपराध मागाहून कुणीतरी ठरवतं.

हिंदी संहितेत उद्देशाला 'आशय' म्हणतात. मराठी समीक्षेवर वाढलेल्या मला आशय म्हटलं की पाठोपाठ अभिव्यक्ती आठवते, त्यामुळे पहिले काही दिवस गोंधळातच गेले. शिवाय एम.ए.ला विम्झॅट आणि बीअर्ड्सली यांचा 1946चा निबंध आम्ही जवळजवळ पाठ केला होता. लेखकाच्या मनात काय होतं हे विचारायचं नाही, मजकूर वाचायचा. इथे मनात काय होतं हे विचारल्याशिवाय पान हलत नाही. पण मन दिसतं कुठे? न्यायाधीशही शेवटी मजकूरच वाचतात : हत्यार कोणतं, घाव कुठे, किती जोराचा.

सगळ्यात रमले मी संहितेतल्या उदाहरणांत. मेकॉलेच्या आयोगाने 1837मध्ये मसुदा केला, 1860मध्ये कायदा झाला. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता आली, 302चं 103 झालं, पण ती उदाहरणं राहिली. झुडपामागे एक माणूस आहे हे 'क'ला ठाऊक आहे, 'ख'ला नाही. 'क' 'ख'ला झुडपावर गोळी झाडायला लावतो. दुसऱ्याचं कुत्रं पळवायला एकजण खिशात खाऊ ठेवतो. कुत्रं मागे चालू लागलं, की चोरी पुरी झाली. नाव नाही, गाव नाही, तरी पुरती गोष्ट.

त्या बाईचं वाक्य मी नाव-गाव न सांगता वर्गात मांडलं. बिहारचा एक मुलगा म्हणाला, "हिंदीतही 'मारा' असंच दोन्हीकडे झुकतं. पण 'मारून टाकलं' म्हणता येतं ना तुमच्यात?" येतं. ती तसं म्हणाली नव्हती. पण साप मारला म्हणतो तेव्हा आपणही 'टाकलं' कुठे लावतो?

मी मार बसण्याचं क्रियापद घेतलं, 'मग'ला नुसतं 'नंतर' ठेवलं, आणि समासात मूळ मराठी शब्द देऊन दोन्ही अर्थांची टीप लिहिली. वकिलांचा फोन आला. "मॅडम, टीप काढा, कोर्टाला एकच अर्थ लागतो."

मी म्हटलं, साक्षीदाराला पुन्हा विचारता येईल का? ते हसले. साक्ष होऊन नऊ वर्षं झाली होती. टीप मी तशीच ठेवून कागद पाठवले.