पाच पैशांचं तिकीट

दादीची पत्र्याची पेटी गावाहून अंधेरीला आणली. तिच्यात अब्बांनी पाठवलेली पत्रं निघाली. 1971च्या अखेरच्या लिफाफ्यांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट आहे, निर्वासितांच्या मदतीचं. 15 नोव्हेंबरपासून सरकारनं ते सक्तीचं केलं होतं.

अब्बा सांगत, बकरीईदेला गावी गेल्यावर दादीनं विचारलं, "हे जास्तीचे पाच पैसे कशाचे रे?"

"लढाईतून जीव घेऊन माणसं आलीत, अम्मा. कोटीभर."

"मग देत जा. पण त्यांना कधी जाणार म्हणून विचारू नका."

सरकार मात्र पहिल्यापासून तेच विचारत होतं. 25 मार्च 1971 नंतर आलेल्यांनी परतच जायचं, हे ठरलेलं होतं. 1951च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. आसरा म्हणजे सरकारची मर्जी. आलेल्यांत हिंदू बहुसंख्य होते. इथं दंगे नकोत म्हणून सरकारनं ते फारसं बोलून दाखवलं नाही. या माणसांचा भार जगाला दाखवूनच डिसेंबरच्या युद्धाची बाजू मांडली गेली. पाकिस्तान तुटलं आणि काही महिन्यांत छावण्या रिकाम्या झाल्या.

म्हणून त्या छावण्यांतला भात खोटा ठरत नाही. पण हिशेबानं दिलेला आसरा हिशेब बदलला की आटतो. पुढे 'बांगलादेशी' ही शिवी झाली. 2019च्या कायद्यानं तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट दिली. त्यात मुसलमान नाहीत.

सरकारला बोल लावताना माझी जीभ मात्र अडखळते. 1998 साली मुंबईतल्या बंगाली बोलणाऱ्या जरी कारागिरांना बांगलादेशी ठरवून रेल्वेत बसवलं गेलं. हावड्याजवळ उलुबेरियाला लोकांनी गाडी अडवून काहींना सोडवलं. त्याच दिवसांत आमच्या गल्लीतला मुर्शिदाबादचा एक कारागीर रात्री पिशवी घेऊन दारात उभा राहिला. पिशवीत त्याचं रेशनकार्ड होतं. मी दार अर्धंच उघडलं आणि विचारलं, "किती दिवस?"

"चार दिवस, भाईजान," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजाला उठलो, तर चटई गुंडाळून ठेवलेली होती.