सवयीचे दिवस

लडाखच्या उंचीवर जाणाऱ्या जवानाला फौज एकदम वर धाडत नाही. तिथली हवा विरळ. खालच्या माणसाला श्वास पुरत नाही. म्हणून आधी सवय करून घेतात. नऊ हजार फुटांच्या वर सहा दिवस, बारा हजारांच्या वर चार, पंधरा हजारांच्या वर आणखी चार. पहिले दोन दिवस तर नुसती विश्रांती. असे चौदा दिवस भरले म्हणजे मग माणूस कामाला लागतो. हा हिशेब आमच्या ह्यांच्या तोंडून ऐकला तेव्हा वाटले, मागे राहणाऱ्या घरालाही असे दिवस लागतातच की! फक्त त्यांचा हुकूम कोणी काढत नाही.

फौजी वस्तीत दोन शब्द लहान पोरांनाही ठाऊक असतात: 'पीस' आणि 'फील्ड'. बायकोमुले जिथे बरोबर नेता येतात ते पीस. जिथे नेता येत नाहीत ते फील्ड. दोन-तीन वर्षे झाली की पलटण हलते. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे गावाला सारे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, इतकी तिथली माणसे फौजेत. अशा मुलखातल्या बायकांना निरोप देणे उपजतच येत असेल, असे बाहेरच्यांना वाटते. तसे काही नसते हो. ते दर वेळी नव्याने शिकावे लागते.

शिकवणी सुरू होते ट्रंकेपासून. काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. 2012 साली ह्यांचे लडाखला जायचे ठरले, तेव्हा आमच्याकडे अशा चार ट्रंका होत्या. एरवीच्या बदलीत चारही एकाच गाडीत चढत. या वेळी एक त्यांच्याबरोबर जायची होती आणि तीन माझ्याबरोबर पुण्याला, मागे राहिलेल्या कुटुंबांच्या क्वार्टरमध्ये. म्हणजे संसाराची वाटणीच! आणि वाटणी म्हटली की भांडण आलेच. घरात चांगली बॅटरी एकच. ते म्हणत, "तू ठेव, दिवे जातात." मी म्हणे, "तुम्ही न्या, तिथे तर सगळाच अंधार." शेवटी धाकट्याने ती गुपचूप बाबांच्या ट्रंकेत तळाशी घातली, तेव्हा वाद मिटला. त्यांचा पत्ता मी वहीत उतरून घेतला. पलटणीचे नाव आणि पुढे 'द्वारा 56 ए.पी.ओ.' ना गाव, ना तालुका.

क्वार्टरचा ताबा देताना एक माणूस वही घेऊन येतो. पंखे किती, काचा किती, नळाच्या तोट्या किती. जे फुटले त्याचे पैसे भरायचे. अंगणातल्या तुळशीची नोंद त्या वहीत नसते. ती मी शेजारच्या भाभींच्या हवाली केली.

मग एका रात्री मुले निजल्यावर ह्यांनी फाइल काढली. बँकेचे पासबुक, विम्याचे कागद, वारस म्हणून कुठे कोणाचे नाव लावले आहे त्याची यादी.

"हे नीट बघून ठेव."

"उद्या बघू."

"उद्या नको. आत्ताच बघ."

मी एकेक कागद वाचत गेले. वारसाच्या रकान्यात त्यांच्या हस्ताक्षरात माझे नाव होते. नवऱ्याच्या हातचे आपले नाव पाहून बाईला एरवी केवढे सुख वाटते! त्या रात्री मी ते पाहिले न पाहिले केले आणि पान उलटले. दोघांपैकी कोणीही भीतीचा शब्द काढला नाही. फाइल कपाटात कुठे ठेवायची, एवढेच बोललो.

मुलांच्या शाळेचा प्रश्न त्या मानाने सोपा. 1963 साली वीस पलटणी शाळा हाती घेऊन सरकारने ज्या शाळांची सुरुवात केली, तीच आजची केंद्रीय विद्यालये. गाव बदलले तरी पुस्तक तेच. पण मी पडले मास्तरीण. पुस्तक तेच असले तरी बाकावरची मैत्रीण ती नसते, हे मला कळते. आमच्या मुलीने निघण्यापूर्वी आठ दिवस आपल्या जिवलग मैत्रिणीशी उगाचच कट्टी घेतली. मी तिला रागावले नाही. ती आपल्या परीने सवय करून घेत होती.

हे दिवस न मिळणे म्हणजे काय, ते मी एकदा भोगले आहे. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि फौज सीमेवर निघाली. माझ्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. संध्याकाळी हुकूम आला, पहाटे हे गेले. त्यांचा बनियन दोरीवर ओलाच होता. त्यानंतर कित्येक दिवस मी दोघांचा भात टाकत होते आणि उरलेल्या भाताकडे पाहत बसत होते. फौज सीमेवरून हटवण्याचा निर्णय झाला तो 2002 च्या ऑक्टोबरात. तेव्हापासून बांधाबांध, याद्या, फाइली यांचा मला कधी कंटाळा आला नाही. जो निरोप तोंडाने देता येत नाही, तो माणूस त्या कामांतून थोडा थोडा देत असतो.

आता हे निवृत्त होऊन घरी आहेत, ट्रंकांत गोधड्या आहेत. पण या दिवाळीतही कुठल्यातरी वस्तीत एखादी भाभी दोन मुले आणि तीन ट्रंका घेऊन नवीन आली असेल. तिच्याकडे फराळाचे ताट घेऊन जाल, तेव्हा "एकट्या कशा राहता हो?" असे विचारू नका. गॅसवाला कुठे बसतो, मुलांचा डॉक्टर कोण चांगला, एवढे सांगा. आणि तुळशीचे एक रोप द्या.