सड्यासकट टिटवी

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अशा जिल्ह्यात रखरखीत मुलखातला एखादा पक्षी सुखाने नांदत असेल, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण इथला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, वर्षातून दोनदा रूप पालटतो. ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं आणि कवल्याने निळा-पिवळा झालेला जांभ्याचा कातळ मार्चमध्ये पार करपून जातो, कारण पाणी धरून ठेवायला त्याच्यावर मातीच जेमतेम असते. नेमकी तेव्हा पीतमुखी टिटवी, म्हणजे माळटिटवी, उघड्यावर घरटं करते. घरटं तरी कसलं? एक उथळ खळगा, भोवती चार खडे आणि आत बहुधा चारच अंडी. पाण्याच्या आसपास कलकलाट करणारी तांबड्या गाठीची टिटवी सर्वांच्या ओळखीची आहे. काळ्या टोपीची, पिवळ्या गाठीची आणि लांब पिवळ्या पायांची माळटिटवी त्या मानाने अबोल. मला ती फार प्रिय आहे. आपण ज्या जमिनीला ओसाड म्हणून मोकळे होतो, त्याच जमिनीवर तिचा सगळा भरवसा असतो. म्हणूनच तिचं छायाचित्र काढावं ते सड्यासकट, आणि घरट्यापासून लांब राहून, असं माझं ठाम मत झालं आहे.

याचं पहिलं कारण ऊन. सुरेश जयकर आणि हेलन स्परवे यांनी १९६५ साली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात या टिटवीवर लेख लिहिला, तो कोरड्या ऋतूत घरटं करणारा पक्षी म्हणूनच. आपल्याला वाटतं, पक्षी अंड्यांना ऊब देतो. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या कातळावर मात्र तो अंड्यांवर सावली धरून असतो, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवतो. नर-मादी आळीपाळीने ही राखण करतात. छायाचित्रकार जवळ आला की त्यांना अंडी सोडून उठावं लागतं. यावर सांगतात, ‘माणूस निघून गेला की पक्षी परत येतोच की!’ येतो, हे खरं. पण तो परतला म्हणून मधल्या वेळात अंडी तापली नाहीत, असं होत नाही. शिवाय पक्षी उठला की घरट्याची जागा कावळ्यांनाही कळू शकते. अंडी कातळाच्या रंगात मिसळून जातात हे त्यांचं मोठं संरक्षण. आपण तेच उघडं पाडतो.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. चिरेखाणी, सुरुंग लावून केलेल्या बागा आणि रस्ते सड्याचे सडे गिळत असताना एका कॅमेऱ्याचा जाच तो केवढा? माझा मुद्दा याच आक्षेपातून पुढे जातो. सडा इतक्या सहज जातो, कारण कागदोपत्री तो पडीक आणि नजरेला रिकामा. पिसान् पीस दाखवणाऱ्या जवळच्या चित्रात मागची जमीन धूसर होते. टिटवी दिसते, पण ती कुठे उभी आहे ते दिसत नाही. हाच पक्षी चौकटीत लहान ठेवला, भोवती कातळ, वाळलेलं गवत आणि क्षितिज येऊ दिलं, तर ते चित्र त्या जमिनीच्या बाजूने साक्ष देतं. तारीख आणि गाव लिहून ठेवलं तर ती साक्ष आणखी पक्की होते. घरट्याची नेमकी जागा मात्र कुणालाही सांगू नये.

जवळून पाहिल्याशिवाय माया कशी जडणार, असंही विचारलं जातं. लांब पल्ल्याच्या भिंगांनी दुरूनही डोळ्यातली चमक टिपता येते, आणि विणीचा काळ सरल्यावर चरणाऱ्या टिटवीची चित्रं घेता येतात. पण नुसत्या मायेने पक्षी वाचत नाही, हे महाराष्ट्राने माळढोकाच्या बाबतीत पाहिलं आहे. नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, त्याचं कौतुक घरोघर पोचलं, तरी आज तिथे तो दिसणं दुर्मीळ आहे. पक्षी लाडका झाला. त्याला लागणारे मोकळे माळ पडीकच मानले गेले. सड्याला एक आधार तरी मिळाला आहे. कशेळी, उक्षी, बारसू इथल्या सड्यांवरच्या कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत समावेश झाला. ती कोरणाऱ्यांनी प्राण्यांची चित्रं थेट जमिनीवर काढली, त्यामुळे चित्र जपायचं तर कातळ जपावाच लागतो. टिटवीच्या छायाचित्राने पाहणाऱ्याला याच निष्कर्षावर आणलं पाहिजे. ज्या चित्राकडे पाहून ‘ही जागा कोणती, आणि ती अजून आहे का?’ असं कुणी विचारील, तेच चित्र काढण्यासारखं आहे.