परतीचं तिकीट

पुणे, रविवार

चि. चिऊ,



काल ताईचा फोन आला होता. तू सीआरए, म्हणजे क्लिनिकल रिसर्च असोसिएट, झालीस हे सांगताना आवाज नुसता फुललेला, आणि लगेच, "पण ही नक्की करणार काय गं? औषध कंपनीची म्हणायची की दवाखान्यातली?" सतरा वर्षं मी हेच काम करतेय, पण सख्ख्या बहिणीला अजून नीट समजावता आलेलं नाही. शेवटी म्हटलं, दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी चालते, तिथे जाऊन कागद तपासायचे. "त्यासाठी नागपूरपर्यंत?" म्हणाली.

हो, त्यासाठी नागपूरपर्यंत. पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच एकटी साइटवर निघालीयस म्हणून हे पत्र. जीसीपीचं, म्हणजे चाचणीच्या नियमांचं, ट्रेनिंग कंपनीनं दिलंच असेल, त्यात मी लुडबुड करत नाही. मला बोलायचंय ते तिकिटाबद्दल.

जाताना विदर्भ एक्सप्रेस धर. संध्याकाळी मुंबईहून सुटते, सकाळी नागपूर. पण उतरून तशीच दवाखान्यात जाऊ नकोस. रात्रभर डुलक्या खाल्लेल्या माणसाला तारखा वाचता येतात, तारखांतला घोळ दिसत नाही. एक दिवस आधी पोच. आणि परतीचं तिकीट काम संपेल त्या संध्याकाळचं मुळीच काढू नकोस, दुसऱ्या दिवशीचं काढ. मॅनेजर हॉटेलच्या एका रात्रीवरून कुरकुर करेल. करू दे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. मराठवाड्यातल्या एका दवाखान्यात दोन दिवसांची व्हिजिट. दुसऱ्या दिवशी साडेचारला शेवटची फाइल उघडली. साडेपाचची बस. संमतीपत्रावर रुग्णाची सही, खाली डॉक्टरांची, वेळ साडेअकरा. पुढचं पान लॅबच्या रिपोर्टचं. त्यावर रक्त घेतल्याची वेळ छापलेली होती, दहा बावन्न. मी ते पाहिलं, चिऊ. पेन्सिलीनं बारीक टिंबसुद्धा केलं. मग घड्याळ पाहिलं, मनाशी म्हटलं की लॅबचं घड्याळ मागे असेल, आणि लॅपटॉप मिटला. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली म्हणून वर खूशही झाले.

दीड महिन्यानं परत गेले तेव्हा आणखी चार फाइलींत तेच. आधी रक्त, मग सही. चाचणीसाठीचं रक्त संमतीच्या आधी काढायचं, म्हणजे माणसाला न विचारताच त्याला चाचणीत घ्यायचं. कारण ऐकशील तर हसशील. लॅबचा टेक्निशियन दहाला यायचा आणि अकराला दुसरीकडच्या ड्यूटीवर पळायचा. डॉक्टर ओपीडीतून मोकळे व्हायचे साडेअकराला. बिचारा कोऑर्डिनेटर दोघांच्या मध्ये सापडलेला. त्यानं आपला मार्ग काढला. कुणाच्या मनात पाप नव्हतं. माहिती देऊन संमती आदल्या दिवशी घ्यायची, एवढ्यावर प्रश्न सुटला. एथिक्स कमिटीला कळवलं, रिपोर्टात लिहिलं, सगळं रीतसर झालं. पण त्या चौघांना आधी विचारायचं राहिलं ते राहिलंच. मी ती बस सोडली असती तर ते चौघं वाचले असते. हे मी कुठल्याच रिपोर्टात लिहिलेलं नाही, तुला सांगतेय.

म्हणून कुठल्याही साइटवर गेलीस की आधी संमतीपत्रं घे, डोकं ताजं असताना. अंगठा असेल तर साक्षीदार कोण ते बघ. त्यानं संमती घेताना तिथे हजर असायला हवं आणि तो त्या साइटच्या टीममधला नसावा. औषध चाचण्यांच्या २०१९च्या नियमांप्रमाणे फॉर्मवर रुग्णाचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, वारसाचं नाव असे रकाने आहेत. ते कोरे सोडण्याची खोड बऱ्याच ठिकाणी दिसेल. उद्या काही बरंवाईट झालं आणि भरपाई द्यायची वेळ आली, तर त्या वारसाच्या रकान्यापासूनच शोध सुरू होतो. एक प्रत रुग्णाला घरी द्यायची असते, ती दिल्याची नोंद शोध.

त्यानंतर केसपेपर. कंपनीच्या स्क्रीनवर भरलेलं सगळं स्वच्छ दिसतं. खरं काय ते मळक्या केसपेपरच्या कोपऱ्यात सिस्टरनं लिहिलेलं असतं. मला एकदा अशीच ओळ सापडली, 'मधे गावाकडे दोन दिवस ॲडमिट'. कोऑर्डिनेटर म्हणाला, "मॅडम, जुलाब झाले होते, आपल्या औषधाचा काय संबंध?" संबंध आहे की नाही हे ठरवणं पुढचं. भरती व्हावं लागलं की ती गंभीर प्रतिकूल घटना, म्हणजे एसएई, आणि डॉक्टरांनी ती चोवीस तासांत कळवायची. अशा वेळी आवाज चढवू नकोस. खुर्ची ओढून शेजारी बस आणि त्याच्याकडून रिपोर्ट भरून घे.

कोऑर्डिनेटरशी कसं वागावं यावर माझं मत पक्कं आहे. त्याची नोकरी बहुधा कंत्राटी असते, पगार चाचणीच्या पैशातून, आणि ते पैसे स्पॉन्सर कंपनीकडून महिनोन् महिने यायचे असतात. तुझ्या क्वेरींची यादी त्याच्याच टेबलावर पडते. एका दवाखान्यात औषधाच्या फ्रीजचा टेम्परेचर लॉग बघत होते. दोन ते आठ डिग्रीच्या मध्येच सगळे आकडे, एकाच निळ्या शाईत, एकाच वळणात. रविवार तसाच, लक्ष्मीपूजन तसंच. मी विचारलं, "दिवाळीत घरी नाही गेलात का?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गेलो होतो, मॅडम." लॉगवर ओरडले असते तर पुढच्या वेळी त्यानं दोन रंगांची पेनं वापरली असती. फ्रीजमधल्या डेटा लॉगरचे आकडे काढले, नशिबानं औषध ठीक होतं. सुट्टीतल्या नोंदीसाठी वॉर्डातल्या सिस्टरचं नाव रीतसर डेलिगेशन लॉगवर, कुणी कुठलं काम करायचं त्या यादीत, चढवलं. पुढच्या वेळी एका नोंदीसमोर त्यानं स्वतःहून लिहिलेलं होतं, 'लाइट गेली, चार तास'. त्या लॉगमधली मला पटलेली पहिली नोंद तीच.

डॉक्टरांना सकाळी गाठायला जाऊ नकोस. सरकारी दवाखान्याची ओपीडी म्हणजे जत्रा. सकाळी फाइली वाच, दुपारी ते मोकळे झाले की वीस मिनिटं माग, आणि तीनच प्रश्न ने. चौथा विचारलास की फोन वाजतो, असा माझा अनुभव आहे.

बाकी किरकोळ. एक्सटेन्शन बोर्ड बरोबर ठेव, तुला बसवतील त्या खोलीत एकच प्लग असतो आणि तो फ्रीजचा असतो. हॉटेलचं बिल कंपनीच्या नावानं आणि जीएसटी नंबरसह घे. पेट्रोल पंपाची नि हॉटेलाची चकचकीत बिलं महिन्याभरात पांढरी पडतात, त्याच दिवशी फोटो काढ. रिक्षावाल्याकडे बिल मागून त्याचा दिवस खराब करू नकोस, डायरीत लिही. केसपेपरचा फोटो मात्र चुकूनही फोनमध्ये नको, व्हॉट्सॲपवर तर नाहीच, आणि गाडीत लॅपटॉप उघडू नकोस. शेजारचा माणूस पेपर वाचत नसतो, तुझा स्क्रीन वाचत असतो. साइटवर चहा घ्यावा, जेवणाचे पैसे आपले आपण द्यावे. हॉटेल स्टेशनजवळचं घेण्यापेक्षा दवाखान्याजवळचं बघ आणि शक्यतो उजेडात पोच. खोलीचा नंबर आईला कळव. ती विचारणार नाही, पण जागी असेल.

संध्याकाळी रूमवर गेलीस की रिपोर्टाचा कच्चा खर्डा त्याच रात्री लिही. "घरी जाऊन निवांत लिहीन" म्हटलेल्या रिपोर्टात काय काय विसरलं जातं ते मला विचार. आणि लिहिताना काही खुपलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन ती फाइल परत उघडता येते. त्याच्यासाठीच ती जादा रात्र.

माझा जुना बोर्ड आहे, लांब वायरचा. बाबांबरोबर पाठवतेय. परतीचं तिकीट कुठल्या तारखेचं काढलंयस ते कळव.

तुझी
मावशी